निळ्या आभाळाखालचं बंद बंदर

ऑगस्टातल्या सकाळी ग्रीस आणि तुर्कस्तानाच्या मधल्या एजियन समुद्रातल्या एखाद्या लहान बेटाच्या धक्क्यावर उभं राहावं. आभाळात ढगाचा ठिपका नाही. ऊन इतकं लख्ख, की चुन्याने रंगवलेल्या भिंतींकडे बघवत नाही. पाऊस नाही, चिखल नाही, छत्री कुठे दिसत नाही. आणि तरी बॅगांवर बसलेली माणसं फोनमध्ये डोकं घालून एकमेकांना विचारताहेत, फेरी सुटणार का, कधी सुटणार. तिकिटाच्या खिडकीतली बाई मान वर न करता सांगते, आज नाही, उद्याचं उद्या. तटरक्षक दलाने बोटी सोडायला बंदी केलेली असते आणि त्या बंदीचं कारण डोळ्यांना दिसत नाही, फक्त कानांना ऐकू येतं.

कोकणातल्या माणसाला बंद बंदराचं अप्रूप नाही. माझं माहेर रेवदंड्याचं. जून लागला की होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या, गेटवे-मांडव्याच्या लाँच बंद, जुलै संपेपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय जुनी माणसं त्याच्या वाटेला जात नाहीत. पण आपल्याकडे समुद्र मिटतो तेव्हा तो तसा दिसतो तरी. मातकट, फेसाळ, वरून झोडपणारा. आम्ही अडकलो त्या अमोर्गोस या ग्रीक बेटावर तो जाहिरातीत असतो तितकाच निळा होता, आणि त्या निळ्यावर पाऊल टाकायची सोय नव्हती.

या वाऱ्याचं नाव मेल्तेमी. जुने ग्रीक लोक त्याला एतेसियन म्हणत, दरसाल नेमाने येणारा. मेच्या अखेरीस त्याची चुणूक लागते, जुलै-ऑगस्टात तो भरात असतो, सप्टेंबरात हळूहळू ओसरतो. उत्तरेकडून उतरतो, एजियनमधल्या सायक्लेडीज बेटांच्या मधल्या खिंडींत शिरतो आणि तिथे आणखी जोर धरतो. कधी दोन दिवसांत थांबतो, कधी आठवडा खातो. ढग पाठवून आधी वर्दी द्यायची रीत त्याच्यात नाही. सकाळी आठला पाणी स्वस्थ असतं, अकराला लाटांच्या माथ्यावर पांढरं दिसायला लागतं, दोनला शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं.

आता हा वारा आपला नातलग निघावा, याची मला कल्पना नव्हती. पावसाळ्यात आपल्या उपखंडावर कमी दाबाचा जो पट्टा तयार होतो, त्याचं पश्चिमेकडचं टोक इराण-इराकवरून थेट तुर्कस्तानापर्यंत पोचतं. तिकडे बाल्कन देशांवर हवेचा दाब जास्त असतो. या दोहोंच्या मधोमध एजियन समुद्र, म्हणून वारा तिथून दक्षिणेकडे धाव घेतो. शिवाय मान्सूनमुळे वातावरणात जी मोठी उलथापालथ होते, तिच्यापायी पूर्व भूमध्य समुद्रावरची हवा खाली दाबली जाते, ढग धरत नाही. आपल्याकडे धो धो आणि त्यांच्याकडे कोरडं ठाक, या एकाच व्यवहाराच्या जमा-खर्चाच्या बाजू आहेत.

गंमत अशी, की हे आपल्याला हवामानशास्त्राने सांगायच्या फार आधी एका खलाशी-व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. पहिल्या शतकात, बहुधा इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या एका निनावी माणसाने तांबडा समुद्र आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या बंदरांची एक वहीच केली, ‘पेरिप्लस’. त्यात तो सांगतो की आमच्याकडे एतेसियन वारे सुटतात त्याच सुमाराला हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर समुद्रावरून वारा येऊ लागतो. त्या वाऱ्यावर भरवसा टाकून ही माणसं जुलैत इजिप्तहून निघत. त्याच्या यादीत सोपारा आहे, कल्याण आहे, आणि सेमिल्ला नावाचं एक बंदर आहे. ते म्हणजे चौल असं बहुतेक अभ्यासक मानतात. चौल आणि रेवदंडा आम्ही कधी वेगळे धरलेच नाहीत. म्हणजे माझ्या माहेरच्या ओटीवरून दिसणाऱ्या खाडीचं गिऱ्हाईक हे लोक दोन हजार वर्षांपूर्वी होते, आणि दोन्हीकडचे वारे त्यांना पाठ होते.

अमोर्गोसच्या कातापोला बंदराच्या धक्क्यावरून मी आईला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तिच्या मागे पागोळ्या गळत होत्या. तिने पहिला प्रश्न विचारला, “तिकडे पाऊस नाही ना गं?” मी फोन आभाळाकडे धरला. ती म्हणाली, “मग बंदरात काय करताय? जा की पुढे.”

आता बोटीबद्दल. मावसभाऊ, आमचा दादा, हॅम्बुर्गला असतो. बाल्टिक समुद्रात शिडाची बोट हाकायला शिकला, रीतसर परवाना काढला, आणि तेव्हापासून दर दिवाळीच्या फोनवर आम्हाला ग्रीसला चला म्हणून मागे लागला होता. ग्रीसमध्ये अशी बोट स्वतः चालवायला भाड्याने घ्यायची तर एकाकडे परवाना लागतो आणि दुसरं कुणीतरी अनुभवी लागतं. ते दुसरं माणूस म्हणजे दादाचा ऑफिसातला एक अबोल जर्मन मित्र. उरलेले आम्ही तिघं, वहिनी, मी आणि माझा नवरा, म्हणजे ओढ म्हटलं की दोर ओढणारे. बोट ४० फुटी, सायक्लेडीजमधल्याच पारोस बेटावरून घेतलेली, शनिवार ते शनिवार. भर हंगामात असल्या बोटीचं भाडं काही हजार युरो होतं, पण माणशी वाटलं की सायक्लेडीजमधल्या हॉटेलांपुढे ते फारसं टोचत नाही. टोचतात ती वरची कलमं: अनामत रक्कम, इंधन, शेवटची साफसफाई, पाणी.

‘यॉट’ म्हटल्यावर आमच्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे जे येतं ते मी लगेच पुसून टाकते. न्हाणीघर एवढंसं, की कोपर आपटल्याशिवाय साबण लावता येत नाही. गोडं पाणी मोजून. फ्रिज वरून उघडायचा, त्यात दही तळाला आणि ते काढायला सगळा फ्रिज उपसायचा. वहिनीने भारतातून आणलेल्या मेतकुटाच्या डब्याने तिसऱ्या दिवशी सगळ्यांचा जीव राखला, कारण लाटांत कांदा चिरणं हा वेगळाच खेळ आहे आणि तो कुणालाच येत नव्हता.

पहिल्या संध्याकाळी मी धक्क्याच्या दगडावर पाण्याच्या खुणा शोधत होते. रेवदंड्याच्या खाडीत ओहोटीला होड्या चिखलात कलंडून पडतात, भरतीला उभ्या राहतात. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटर चढतं. इथे रात्री बांधलेली बोट सकाळी त्याच पायरीला तशीच. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी आहे म्हणायला आहे, एजियनमध्ये तर वीतभरही वाटत नाही. म्हणून इथे बोटी धक्क्याला कुशीने न लावता पाठ करून लावतात. पुढून नांगर टाकायचा, मागे मागे येत शेपटाकडून दोन दोर धक्क्याला बांधायचे, आणि मधे एक फळी. ती फळी दिवसरात्र त्याच उंचीवर राहते. मला ते फार विचित्र वाटलं. समुद्राने दिवसातून दोनदा श्वास घ्यायला हवा, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

दादाने नकाशावर बोट ठेवून एक गोष्ट आधीच बजावली होती. मेल्तेमीत वाऱ्याबरोबर जाणं सोपं असतं, परत येणं हा खरा प्रवास. म्हणून शहाणे लोक आधी वाऱ्याच्या तोंडाला चढतात आणि सुट्टीचा उत्तरार्ध उताराला ठेवतात. आम्हाला मात्र अमोर्गोसला जायचं होतं, सायक्लेडीजच्या अगदी पूर्वेकडच्या काठावरच्या बेटावर, आणि पारोसहून ते आग्नेयेला पडतं. म्हणजे जाताना उतार, येताना चढ. दादा म्हणाला, “जाऊ. पण परतीचे दिवस मी आत्ताच राखून ठेवतोय, त्यांच्याकडे बघायचं नाही.”

पारोस आणि नॅक्सोसच्या मधली खिंड ही पहिली परीक्षा. उत्तरेचा वारा दोन डोंगराळ बेटांच्या मधे सापडतो आणि चेपला जाऊन धावतो. सकाळी वारा १५ नॉट, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या आसपास होता, खिंडीत शिरल्यावर २५ च्या वर गेला. बोट एका कुशीवर कलली आणि आतल्या कपाटातून ताटल्यांचा आवाज आला. दादाने शीड आखडायला सांगितलं. शीड आखडणं म्हणजे डोलकाठीवरून ते थोडं खाली घ्यायचं, खालचा भाग गुंडाळून आवळायचा, म्हणजे वाऱ्याला धरायला कापड कमी मिळतं. वाक्यात सोपं आहे. प्रत्यक्षात बोटीचं नाक वाऱ्यात वळवलं की शीड बंदुकीसारखं फाडफाड वाजायला लागतं, दोर जिवंत होतात, विंचवर, म्हणजे दोर आवळायच्या रहाटावर, दोराचे तीन वेढे नीट बसले नाहीत तर तळहाताचं साल जातं. माझं गेलं. जर्मन मित्र काही न बोलता पुढे गेला, डोलकाठीला एका हाताने मिठी मारून दुसऱ्या हाताने त्याने कडी हुकात अडकवली, आणि परत येऊन बसला. त्याच्या चष्म्यावर मीठ जमलं होतं.

हे मीठ ही त्या प्रवासाची खरी चव. आपल्या पावसाळी वाऱ्यात अंग चिकट होतं, कपडे वाळत नाहीत, पापडांना बुरशी धरते. मेल्तेमी कोरडा. लाटेचा तुषार अंगावर आला की दोन मिनिटांत पाणी उडून जातं आणि मीठ राहतं. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, हातांच्या लवेवर. धुवायला वरून काही पडत नाही. संध्याकाळपर्यंत ओठ फुटतात आणि दोर वाळून काठीसारखे ताठ होतात.

एवढं सगळं झाल्यावर वेग किती, तर सात नॉट. ताशी १३ किलोमीटर. रेवदंड्याहून अलिबागला सायकलवर जाणारा माणूस आमच्या पुढे गेला असता.

नॅक्सोसच्या आडोशाने आम्ही छोट्या सायक्लेडीज म्हणतात त्या बेटांमध्ये उतरलो, स्किनूसाच्या मेर्सिनी बंदरात रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी कूफोनीसीच्या बाजूने निघालो. उजवीकडे केरोस दिसत होतं, उघडं, तपकिरी, माणूस नसलेलं. तिथे उतरायला परवानगी नाही. इसवी सनापूर्वी २५०० च्या आसपास आजूबाजूच्या बेटांवरून लोक इथे संगमरवराच्या मूर्ती घेऊन येत. हात छातीशी बांधलेल्या, चेहऱ्यावर नाकाखेरीज काही नसलेल्या, त्या आता जगभरच्या संग्रहालयांत आहेत. येताना त्या मूर्ती आधीच मुद्दाम फोडलेल्या असत, आणि सगळ्या मूर्तींचे सगळे तुकडेही आणत नसत. इथे आणून पुरायचे. का, ते अजून नीट उलगडलेलं नाही. या पाण्यात तेव्हा शिडं नव्हती, वल्ह्यांच्या होड्या होत्या. आदल्या दिवशी फायबरग्लासच्या बोटीत, लाइफ जॅकेट घालून, हवामानाचा अंदाज हातात असताना मी देवाचा धावा केला होता, आणि ही माणसं हातात वल्हं आणि पायाशी फुटका देव घेऊन हेच पाणी ओलांडत होती. केरोस मागे पडेपर्यंत मी काही बोलले नाही. मळमळ हेही एक कारण होतं.

अमोर्गोस लांबून बेट वाटत नाही, समुद्रातून वर आलेली भिंत वाटते. लांबी ३० किलोमीटरच्या वर आणि रुंदी इतकी कमी, की काही जागी दोन्हीकडचा समुद्र एका नजरेत येतो. डोंगर ८०० मीटरच्या पुढे. आणि इथे दादाने एक गोष्ट सांगितली, जी मला उलटी वाटली होती: डोंगराच्या आडोशाची बाजू मेल्तेमीत जास्त वाईट. वारा उत्तरेकडून डोंगर चढतो आणि दक्षिणेच्या कड्यावरून खाली कोसळतो. पाणी दिसायला सपाट, लाट नाही, आणि अचानक वरून एक फटका येतो जो बोट आडवी करतो. म्हणून दक्षिण किनाऱ्यावरच्या कड्यातला एक प्रसिद्ध मठ समुद्रातून बघायचा बेत आम्ही सोडून दिला आणि उत्तर बाजूच्या कातापोलाच्या उपसागरात शिरलो.

बंदरात बोट लावताना सगळा गाव बघत असतो, हे कोकणातही आणि इथेही. कॉफीचे कप हातात, चेहरे गंभीर, मनातून करमणूक. दादाने नांगर टाकला, मागे घ्यायला सुरुवात केली, आणि त्याच क्षणी डोंगरावरून एक झोत आला. बोटीचं नाक शेजारच्या बोटीकडे वळलं. वहिनी फेंडर, म्हणजे बोट आपटू नये म्हणून लावायची फुगीर उशी, घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावली. धक्क्यावर एक म्हातारा मासेमार जाळं शिवत बसला होता. तो उठला, सुई ओठांत धरली, आमचा दोर झेलला, खुंट्याला दोन वेढे दिले, आणि हाताने दादाला खूण केली, आता पुढे, आता थांब. सगळं झाल्यावर तोंडातली सुई काढून एक वाक्य बोलला. दादाच्या मोडक्या ग्रीकनुसार त्याचा अर्थ होता, उद्या जाऊ नका.

उद्या नाही, परवाही नाही. बोफोर्ट या वाऱ्याच्या मापपट्टीवर ८ च्या आसपास वारा गेला की बोटीचा प्रकार आणि समुद्र किती उघडा आहे हे बघून फेऱ्या थांबवतात. भाड्याच्या छोट्या बोटींनी त्याच्या बरंच आधी बंदरात गप्प बसायचं असतं. आम्ही बसलो. आमच्यासारख्या आणखी डझनभर बोटी. रात्रभर डोलकाठ्यांवर दोर आपटत राहतात, टिण टिण टिण टिण, प्रत्येक बोटीची पट्टी वेगळी. कानात बोळे घालून झोपलं तरी तो आवाज दातांत जाणवतो. कधी कुणाचा नांगर घसरतो. तळाशी समुद्री गवत असलं की नांगराला धरायला माती मिळत नाही, आणि मग पहाटे तीनला बॅटऱ्या लागतात, चार भाषांत ओरडा होतो, अर्धी चड्डी घातलेले पुरुष दुसऱ्यांच्या बोटी पायाने ढकलत उभे असतात. सकाळी तीच माणसं एकमेकांना पीचची फळं वाटतात.

मला विचाराल तर यॉटच्या सहलीचा खरा मामला हाच आहे, हे बसणं. जाहिरातीत शीड फुगलेलं दाखवतात. त्यात खोटं नाही, पण ते दिवसाचे काही तास. उरलेला वेळ माणूस अंदाज बघत असतो, दोर तपासत असतो, धक्क्यावरच्या नळाला नळी लावायला रांगेत असतो, आणि आजूबाजूच्यांना विचारत असतो, तुम्ही काय ठरवलं. एखादं बेट दूर आहे की जवळ, ते अंतरावर ठरत नाही, हे तिथे बसल्यावर कळतं. वारा पडला की अमोर्गोस नॅक्सोसच्या शेजारचं. वारा उठला की ते कुठेच नाही.

दुकानात दुसऱ्या दिवशी टोमॅटो संपले, तिसऱ्या दिवशी पाव सकाळी नऊलाच. कुणाची तक्रार नव्हती. दुकानदारीणबाई फळ्यांवरच्या रिकाम्या जागा ओल्या फडक्याने पुसत होत्या.

बस डोंगर चढून खोरा गावात जाते. हे बेटाचं मुख्य गाव समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, आणि बंदरातून ते दिसत नाही. चाचे यायचे, म्हणून वर आणि लपून. वरच्या कण्यावर पवनचक्क्यांचे दगडी बुरूज ओळीने उभे आहेत, पाती गेलेली, छपरं गेलेली. जो वारा माणसाला बेटावर कोंडून ठेवतो त्याच्याचकडून धान्य दळून घ्यायचं, ही मला फार कोकणी अक्कल वाटली. त्या बुरुजांपाशी मी उभी राहू शकले नाही, बसून घ्यावं लागलं. या वाऱ्याबद्दल जुन्या ग्रीकांची एक कथाही आहे, अमोर्गोसची नव्हे, अथेन्सजवळच्या केआ बेटाची. व्याध तारा उगवल्यावर उन्हाळ्याने बेट होरपळायला लागलं, तेव्हा अरिस्तायोस नावाच्या पुराणपुरुषाने तिथे व्याधाला आणि देवांचा राजा झ्यूस याला यज्ञ केले, आणि झ्यूसने ४० दिवस हे गार वारे पाठवले. म्हणजे हा वारा मागून घेतलेला. पाऊस येईना म्हणून देव पाण्यात ठेवणाऱ्यांना हे समजायला वेळ लागू नये.

खोराच्या पलीकडे, दक्षिणेच्या कड्यात, तो मठ. पानागिया होझोविओतिस्सा. समुद्रापासून सुमारे ३०० मीटर वर, सरळसोट तपकिरी खडकाला चिकटलेली एक पांढरी भिंत. १०८८ साली बायझंटाईन सम्राट अलेक्सिओस कोम्नेनोसने तो नव्याने उभारला. मूळची मेरीची प्रतिमा पॅलेस्टाइनमधून एका होडीतून वाहत आली अशी श्रद्धा आहे. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या, आणि त्या दिवशी पायऱ्यांवर वरून झोत कोसळत होते, दादाने समुद्राबद्दल सांगितलं होतं अगदी तसे. माझी ओढणी गेली. शब्दशः गेली, दरीवर थोडा वेळ तरंगली आणि खाली निळ्यात उतरली.

दार इतकं बुटकं की नवऱ्याला कमरेत वाकावं लागलं. आत शिरताच वारा कापल्यासारखा थांबला. भिंत आणि डोंगर यांच्या मधे इमारतीची रुंदी जेमतेम पाच मीटर, म्हणून सगळं उभं रचलेलं: अरुंद जिना, खोली, पुन्हा जिना, आणि एका बाजूला भिंतीऐवजी थेट खडक, हात लावला तर थंड आणि किंचित ओला. दर्शन झाल्यावर एका साधूने आम्हाला बाकावर बसवलं, पाण्याचे पेले, लोकुमीच्या पिठीसाखरेतल्या वड्या, आणि छोट्या पेल्यांत प्सिमेनी राकी ठेवली. मध, दालचिनी आणि लवंग घालून शिजवलेली दारू. वहिनी दारूला शिवत नाही. तिने वास घेतला, “काढ्यासारखीच आहे की,” म्हणाली, आणि पेला रिकामा केला.

त्या बाकासमोरच्या खिडकीतून खाली बघितलं की पाणी. ९ जुलै १९५६ च्या पहाटे याच समुद्रात, अमोर्गोस आणि सांतोरिनीच्या दरम्यान, विसाव्या शतकातला ग्रीसचा सर्वांत मोठा भूकंप झाला. पन्नासहून जास्त माणसं गेली, बहुतेक सांतोरिनीत. त्सुनामीचं पाणी अमोर्गोसच्या दक्षिण किनाऱ्यावर काही जागी २० मीटर उंचीपर्यंत चढलं. २०२५ च्या सुरुवातीला त्याच पट्ट्यात आठवडेच्या आठवडे हजारो धक्के बसले, शाळा बंद झाल्या, लोक सांतोरिनी सोडून गेले. अमोर्गोसवर आम्हाला भेटलेल्या लोकांना त्याबद्दल विचारलं की ते खांदे उडवत. वाऱ्याबद्दल मात्र तासभर बोलत.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला लिव्हेरोच्या खाडीत ‘ऑलिंपिया’ नावाचं मालवाहू जहाज अजून गंजत पडलंय. १९८० च्या फेब्रुवारीत कप्तान उत्तरेच्या वादळी वाऱ्यातून आडोसा शोधत आत आला आणि खडकावर चढला. माणसं सगळी वाचली. आडोसा म्हणून निवडलेली जागाच दगा देते, हे पाहायला ते पुरेसं आहे. आणि सरकारांनाही या बेटाचा उपयोग बरोबर कळला होता. लष्करी राजवटीत विरोधकांना इथे आणून ठेवत, राखण करायला समुद्र होताच. त्यांच्यातले एक राजकीय नेते, जॉर्ज मायलोनास, १९६९ मध्ये बोटीतून निसटून परदेशी पोचले आणि त्याची बातमी जगभर गाजली.

वारा उतरला तो रात्री. कुणीतरी पंखा बंद करावा तसा. सकाळी बंदी उठल्याची बातमी येण्याआधीच धक्क्यावर गर्दी झाली. नॅक्सोसहून इराक्लिया, स्किनूसा, कूफोनीसी, दोनूसा अशी थांबत थांबत येणारी ‘एक्स्प्रेस स्कोपेलितिस’ ही छोटी फेरी वळसा घेऊन उपसागरात शिरली. बेटावरच्याच कुटुंबाची ही बोट, गाव तिला घरची मानतं. तिचं मागचं दार धक्क्यावर पडलं आणि आधी माणसं उतरलीच नाहीत, सामान उतरलं. टोमॅटोचे खोके, गॅसची नळकांडी, औषधांची एक पेटी जी एका मुलीने छातीशी धरून पळवत नेली, एक नवी गादी, आणि दोरीने बांधलेला एक बोकड ज्याला चालायचं नव्हतं. बोकड आणि बटाटे घालून इथे पातातातो नावाचा रस्सा करतात, त्यामुळे त्याची नाराजी रास्त होती. दुकानदारीणबाई स्वतः हातगाडी घेऊन आल्या होत्या.

आमची परतीची वाट दादाने सांगितली होती तशीच निघाली. वारा उतरला म्हणजे गेला असं नाही, १८-२० नॉट होताच, आणि आता तो तोंडावर. शिडाच्या बोटीला सरळ वाऱ्यात जाता येत नाही. तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा दुसऱ्या बाजूने तिरकं. जाताना जे अंतर सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंतचं होतं, त्याला आता अंधार पडला. प्रत्येक लाटेवर नाक चढायचं आणि पलीकडे धाडकन आपटायचं. नवरा खालच्या बाकावर आडवा, बादली जवळ. मी सुकाणूवर होते, कारण तिथे मळमळत नाही हे मला कळलं होतं आणि ती जागा मी सोडत नव्हते. नॅक्सोसचा डोंगर उजव्या हाताला होता तो तासभराने पाहिला तरी तिथेच. दादा इंजिन लाव म्हणेल अशी मी वाट बघत होते. शेवटी त्याने लावलं, आणि कुणीच त्यावर चर्चा केली नाही.

पारोसला बोट परत करताना पाणबुड्या खाली उतरून तळ बघतो, मग अनामत सुटते. तो वर आला, अंगठा दाखवला. आम्ही पिशव्या उतरवत होतो तेव्हा पुढचं बिऱ्हाड धक्क्यावर आलेलंच होतं, चाकांच्या बॅगा, नव्या टोप्या, गिटार. त्यांच्या म्होरक्याने दादाला गाठलं. तुम्ही अमोर्गोसहून आलात ना, म्हणाला. आमच्याकडे दोनच दिवस आहेत त्यासाठी, जाता येईल का?

दादाने फोनवरचा पुढच्या आठवड्याचा अंदाज त्याच्यापुढे धरला. “जाता येईल,” तो म्हणाला, आणि माझी बॅग उचलून बस स्टॉपकडे निघाला.